मामंजींच्या हातची दोरी

लग्न होऊन मी कल्याणला आले आणि सासरची पुढची खोली पाहून म्हटलं, हिला काय बसायची खोली म्हणायचं? दाराशीच लेथ. आजच्यासारखं विजेवर चालणारं यंत्र नव्हे हो. जमिनीलगत दोन बुटके खांब, त्यांना समोरासमोर दोन लोखंडी टोकं, त्या टोकांच्या मधे आडवा पकडलेला लाकडाचा तुकडा आणि त्याला दोन वेढे घातलेली दोरी. एकाने दोन्ही हातांनी दोरी पुढेमागे ओढायची, की लाकूड गरगर फिरायचं. दुसऱ्याने पटाशी धरून ते कातायचं. माझे सासरे कातारी होते. भोवरे, खुळखुळे, बाहुल्या, भातुकलीची भांडी, सगळं त्या दोन खांबांमधून बाहेर पडायचं. आणि भुसा! कणकेत भुसा, अंथरुणात भुसा, वेणी घालायला बसावं तर केसांत ढलप्या. मी डोंबिवलीची, शेणाने सारवलेल्या स्वच्छ अंगणात वाढलेली. पहिले आठ दिवस मी नुसती झाडत होते.

आमच्या घरात दोरी ओढायचं काम बाईचं. पटाशी पुरुषाची. सासूबाईंनी तीस वर्षं दोरी ओढली होती. मी यायच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. तेव्हापासून मामंजी, म्हणजे माझे सासरे, येईल त्या मजुराकडून ओढून घेत आणि दिवसभर त्याच्यावर खेकसत. लग्नाची हळद उतरते न उतरते तोच त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, दोरी जमेल?" मी मेली हौशी. म्हटलं, "न जमायला काय झालं?" झालं. तीन वर्षं मी त्या दोरीला बांधली गेले.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. दंड भरून यायचे, पण समोर त्या माणसाचा हात चालताना दिसायचा ना! मी दोरी उजवीकडे ओढली की लाकूड त्यांच्याकडे फिरायचं, तेव्हाच पटाशी टेकायची. डावीकडे ओढली की लाकूड उलटं फिरायचं, तेव्हा पटाशी केसभर मागे. टेकवली, उचलली, टेकवली, उचलली. बघता बघता ओबडधोबड तुकड्याचा भोवरा व्हायचा. मग लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडाला लावायची. लाख घर्षणाने वितळायची, आणि वरून केवड्याचं पान दाबलं की अशी काही चकाकी यायची की मी ओढता ओढता "अगं बाई!" म्हणायचे. ते कधी हसायचे नाहीत. पण पुढच्या भोवऱ्याला एक पट्टा जास्तीचा मारायचे.

आमचे हे ठाण्याला कचेरीत कारकून होते. सकाळी नवाला जायचे, संध्याकाळी साडेसहाला यायचे. वडिलांच्या धंद्याची त्यांना लाज होती, असं मी म्हणणार नाही. पण कचेरीतला कुणी घरी आला की त्याला लेथ ओलांडून स्वयंपाकघरात पाटावर बसवावं लागायचं, ते त्यांना सलायचं. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक टेबल, एवढंच त्यांचं स्वप्न.

चौथ्या वर्षी मामंजींचे डोळे दगा देऊ लागले. मला आधी कळलं, कारण दोरी माझ्या हातात होती. पटाशी लागली की दोरीला एकसारखा ताण येतो, तो येईनासा झाला. मधेच हिसका बसायचा, मधेच दोरी मोकळी धावायची. मी बोलले नाही. कसं बोलणार? श्रावणात आमचा माल घेणाऱ्या ठाण्याच्या दुकानदाराने एक अख्खी टोपली परत पाठवली. भोवरे लावले की झिंगल्यासारखे कलंडत होते. सोबत चिठ्ठी, मिस्त्रींची तब्येत बरी नाही का? सगळा बाजार त्यांना मिस्त्री म्हणायचा, आणि हा दुकानदार तर पहिल्यापासून.

चिठ्ठी ह्यांनी वाचून दाखवली आणि मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाबा, पुष्कळ केलंत. दिवाळीचा माल देऊन बघा. तो परत आला तर लेथ काढू या."

मामंजी उठले, लेथच्या खांबावरून हात फिरवला आणि अंगणात जाऊन बसले. तीन दिवस जेवायला हाक मारली की येत, जेवत, परत अंगणात. अहो, तो माणूस नुसता बसलेला मी कधी पाहिला नव्हता. बसलेला असला तरी हातात काहीतरी असायचंच. आता हात रिकामे. लेथ गेला तर हा माणूस करणार काय? मिस्त्री म्हणून दारात येणारं एकही माणूस येणार नाही. नुसता एक म्हातारा उरेल.

चौथ्या दिवशी हे कचेरीत गेल्यावर मी अंगणात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मामंजी, पटाशी मी धरते. तुम्ही दोरी ओढा."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी त्यांना लुगडं नेसायला सांगितलं.

"मी? दोरी?"

"मग काय झालं? तुमचे डोळे गेलेत, हात नाही गेले. आणि मला डोळे आहेत. बघत तर आलेय तीन वर्षं."

"बघून कातता आलं असतं तर सगळी आळी कातारी झाली असती." असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. मलाही राग आला. मी म्हटलं, "ठीक आहे, मग खुर्च्या आणायला सांगते." आणि आत निघून आले. तवा ठेवते न ठेवते तोच बाहेरून आवाज आला, "दार लावून घे."

दार लावून आम्ही बसलो. भर दिवसा दार लावलेलं, आत सासरा आणि सून! आळीतल्या बायका दोन दिवस कशाबशा गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी समोरची आलीच, "काय गं, कुणाचं बरं नाही का?" मी म्हटलं, "भुसा रस्त्यावर उडतो ना, म्हणून." तिने आयुष्यात पहिल्यांदा आमच्या भुशाची काळजी केली.

पहिला तुकडा माझ्या हातून असा उडाला की देवाच्या फळीला जाऊन आपटला. लाकूड उलटं फिरत असताना पटाशी टेकवली होती. मामंजी म्हणाले, "देवाला वाहिलास, चांगलं केलंस. आता दुसरा घे." कुड्याचं लाकूड असायचं, मुरबाडच्या बाजूने बैलगाडीतून येणारं, पांढरं, मऊ. त्यांनी पहिल्यांदा मला भोवरासुद्धा करू दिला नाही. नुसता गोळा. लहान मूल हातात धरतं तसला. आठ दिवस गोळे! आणि एकही गोळा गोल नाही. त्यावर लाटाच लाटा. मला कारणच कळेना. पटाशीला धार होती, लाकूड वाळलेलं होतं.

मामंजी दोरी थांबवून म्हणाले, "खांदे बघ तुझे."

मी बघितलं. माझे खांदे डुलत होते. ते दोरी ओढत होते आणि माझे खांदे त्यांच्याबरोबर इकडून तिकडे. तीन वर्षांची सवय! हातात पटाशी होती, पण अंग अजून दोरीच ओढत होतं. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी. तेही हसले. त्या घरात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग त्यांनी भिंतीशी पाट उभा लावला आणि म्हणाले, "पाठ टेकव. पाठ हलली तर पाट पडेल." दुसरे आठ दिवस पाट पडत राहिला.

त्यांचीही गंमत कमी नव्हती बरं का. जन्मभर पटाशी धरलेला माणूस दोरीवर बसला की त्याचं मन दोरीत कुठलं? मी कातता कातता ते मधेच थांबायचे आणि अंगठा लाकडावर फिरवायचे. फिरतं लाकूड एकदम थांबलं की पटाशी रुतते. मी ओरडायचे, "अहो मामंजी, ओढा ना! मी कधी थांबत होते का?" एकदा तर म्हटलं, "सासूबाई असत्या तर त्यांनी चांगलं शिकवलं असतं तुम्हाला." बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांनी दोरीचा वेढा सारखा केला. मग म्हणाले, "तिचे हात रात्री सुजायचे. मी कधी विचारलं नाही." आणि एकसारखी दोरी ओढायला लागले. त्या दिवसापासून ते मधे थांबले नाहीत.

आणि मग एक नवल घडलं. मी जे तीन वर्षं दोरीतून ओळखत होते, ते आता त्यांना कळायला लागलं. समोर मी काय करतेय ते दिसत नव्हतं, पण हाताला लागत होतं. "खोल जातेयस." "पटाशी पडली बघ, उचल कोन." "आता गाठ येईल, हलकी हो." डोळे मिटून बसलेले असायचे आणि मला गाठ दिसायच्या आधी त्यांना लागायची. मी म्हणायचे, "तुम्हाला पाठीला डोळे फुटलेत की काय?" असं करत गोळा गोल झाला, भोवरा एका जागी झोपल्यासारखा फिरला, खुळखुळ्यात खडे वाजले. दसऱ्यापर्यंत मी भातुकलीला हात घातला.

भातुकलीवरून आमचं खरं भांडण झालं. मामंजींची कळशी सुरेख असायची, पण ती जन्मात कुणाच्या कमरेवर बसली नसती. मी म्हटलं, "मामंजी, कळशीला इथे खोल हवं, कमरेला टेकायला." ते म्हणाले, "मी तीस वर्षं हीच करतोय." मी म्हटलं, "तीस वर्षांत विहिरीवरून पाणी आणलंत का एकदा तरी?" मग कळशी माझ्या मनासारखी झाली. हंडीचं तोंडही मी रुंद केलं. पोरी त्यात चुरमुरे घालून भात शिजवतात, त्यांची बोटं आत जायला नकोत? जात्याला दाणे घालायचं भोक केलं. त्यांनी एकेक भांडं हातात घेऊन बोटांनी चाचपलं, कितीतरी वेळ. "बायकी काम आहे," म्हणाले. पण एकही परत करायला लावलं नाही.

दिवाळीच्या आधी आम्ही दोघं टोपल्या घेऊन ठाण्याला गेलो. दुकान तळ्यामागच्या बाजारात.  माल परत आला तर लेथ जाणार, हे मला माहीत, त्यांना माहीत. दुकानदाराने एक भोवरा फरशीवर सोडला. तो फिरला, फिरला, आणि आवाज न करता थांबला. त्याने कळशी उचलली, हंडीत बोट घालून पाहिलं, जातं फिरवून पाहिलं. मग मामंजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मिस्त्री, श्रावणात मी घाबरलो होतो. हात तसाच आहे तुमचा. उलट सुधारलाय."

मी मामंजींकडे पाहिलं. ते ताठ उभे होते. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "वयाबरोबर सुधारतोच हात."

वयाबरोबर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन महिने माझी बोटं सोलवटली, पाट पडून पडून पाठ काळीनिळी झाली, आणि वयाबरोबर? दुकानदाराने मला चहा विचारला. मी "नको" म्हटलं. येताना गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसले. ते दोनदा काहीतरी बोलले, मी न ऐकल्यासारखं केलं. घरी हे खूश झाले, म्हणाले, "बाबा, जिंकलात! लेथ राहू दे तर मग." मी जेवणं वाढली आणि भांडी अशी आपटली की ह्यांनी विचारलं, "तुला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी हे गेले, मी दार लावलं, आणि माझ्या जागेवर बसले नाही. जाऊन दोरी हातात घेतली.

"हे काय?" मामंजी म्हणाले.

"सुधारलाय ना हात तुमचा? घ्या पटाशी. काता."

आजही ते शब्द आठवले की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. पण तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि डोक्यात राख घालून बसले होते. मला वाटलं, ते चिडतील, बोलतील, मग मीही बोलेन. पण ते चाचपत माझ्या जागेवर जाऊन बसले. पटाशी टेकवायची आडवी पट्टी पायाच्या अंगठ्याने दाबली, पटाशी घेतली. मी दोरी ओढली. पहिल्या काही ढलप्या अशा सुंदर उतरल्या की मी चमकले. मग भोवऱ्याची मान आली. मान बारीक, तिथे नजर लागते. पटाशी निसटली आणि त्यांच्या डाव्या अंगठ्यात गेली.

रक्त बघून मी दोरी टाकली आणि धावले. पाणी ओतलं, हळद दाबली, लुगड्याचा पदर फाडून बांधला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी रडत होते आणि वर त्यांच्यावरच ओरडत होते, "घेतलीत कशाला पटाशी? मी म्हटलं म्हणून घ्यायची?"

ते शांतपणे म्हणाले, "चूक माझी होती. मला काल बोलायला हवं होतं. पण सांग, तीस वर्षं तो माणूस मला मिस्त्री म्हणतो. त्याच्यासमोर मी काय म्हणून उभा राहू? आता मी दोरी ओढतो, असं सांगू?"

 तो अंगठा माझ्या मुठीत होता आणि मला त्या क्षणी इतकी माया दाटून आली, की माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "नका सांगू. कुणाला म्हणून सांगू नका. तुम्हीच मिस्त्री." आणि मनापासून म्हटलं हो. शपथेवर सांगते, माझ्या मनात तेव्हा कणभरही खंत नव्हती. माल गेला होता, लेथ जागेवर होता, आणखी काय हवं?

दिवाळी झाली. अंगठा भरला. एके सकाळी मामंजी ह्यांना म्हणाले, "मला ठाण्याला घेऊन चल, डोळे दाखवून येतो." संध्याकाळी दोघं बरोबरच परतले. मी विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?" ते म्हणाले, "मोतीबिंदू अजून पिकायचाय म्हणाला. पिकला की काढू." मी पानं वाढायला घेतली. दिवसभर दगदग झाली असेल म्हणून त्यांच्यासाठी मऊ भात केला होता.

चार-पाच दिवसांनी दुपारी पोस्टमनने कार्ड टाकलं. दुकानदाराचं अक्षर मी ओळखत होते. मी मराठी फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत शिकलेली, हे घरी नसले की पत्रं मीच वाचून दाखवायचे. मामंजी दोरीला मेण लावत बसले होते. म्हणाले, "वाच."

मी वाचायला लागले. दिवाळीचा माल संपला. भातुकली आणखी पाठवावी. संक्रांतीला बायका वाण म्हणून कुंकवाचे करंडे लुटतात, ते लाखकाम केलेले हवेत. "मिस्त्री स्वतः दुकानात येऊन सांगून गेले, की दिवाळीचा सर्व माल तुमच्या हातचा होता व ते दोरीवर बसतात. करंडे तुम्हांस जमतील, असे त्यांचे..."

 मी थांबले.

"पुढे?" मामंजी म्हणाले.

मला पुढे वाचता येईना. अक्षरं पाण्यात गेली होती.

"बरं, राहू दे. वरचा पत्ता वाच."

मी कार्ड उलटलं. इतकी वर्षं ज्या ओळीत त्यांचं नाव असायचं, त्या ओळीत माझं होतं. सौ. लावून, आडनावासकट. त्या घरात मी चार वर्षं सूनबाई होते, ह्यांची अगं होते, आळीची काताऱ्याची सून होते. लग्नात तांदळावर लिहिलेलं ते नाव त्यानंतर कुणी उच्चारलंच नव्हतं. मामंजींनी तर सुनेचं नाव तोंडातून काढणं शक्यच नव्हतं, तशी रीतच नव्हती. मग दुकानदाराला ते कळलं कुठून? कुणीतरी त्या दुकानात, काउंटरपाशी उभं राहून, ते स्पष्ट सांगितल्याशिवाय त्याने लिहिलं कसं असेल?

"पूर्ण वाच की," ते म्हणाले. "मी त्याला दोनदा सांगितलं होतं, बरोबर लिहिलंय का बघू दे."

मी मोठ्याने माझं नाव वाचलं.

त्यांनी मान हलवली. मग उठून दार सताड उघडलं, दोरीच्या जागेवर येऊन बसले आणि म्हणाले, "करंड्याचं झाकण घट्ट बसवणं कठीण असतं. जाड तुकडा घे."